बुश गेलाय!

‘बुश’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले बाप-लेक? आजोबांच्या शोकेसमधला रेडिओ? की पाचवीत पाठ केलेलं ‘बुश म्हणजे झुडूप’? माझ्या डोळ्यांसमोर सध्या एकच गोष्ट येते. लिंबाएवढा, काळाकुट्ट, मधोमध लोखंडी नळी असलेला रबराचा तुकडा! या तुकड्याने गेल्या दोन वर्षांत माझे किती वीकएंड खाल्ले याची मोजदाद मी सोडून दिलीय. बायकोने मात्र ठेवलीय.

तर मंडळी, या कॉलमच्या जुन्या वाचकांना माझी लाल ‘म्हातारी’ चांगलीच ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी आयटीवाला, मूळचा चिंचवडचा, सध्या मुक्काम इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ. इथे आल्यावर शहाणी माणसं घर बघतात, मी आधी गाडी बघितली. १९७२ ची एमजीबी जीटी. तुमच्याकडे रस्त्यावर हेक्टर दिसते ना, तिच्या नाकावर जो अष्टकोनी शिक्का आहे तोच हिच्याही नाकावर आहे. आज त्या नावाचे मालक वेगळे, गाड्याही वेगळ्या. पण एमजी म्हणजे मूळचं ‘मॉरिस गॅरेजेस’, अस्सल ऑक्सफर्डचं. १९२९ पासून १९८० पर्यंत या गाड्या इथून जवळच असलेल्या ॲबिंग्डन गावात बनत होत्या. एमजीबी आली १९६२ मध्ये आणि तिचं छप्परवालं भावंड, म्हणजे जीटी, १९६५ मध्ये. त्या छपराची रेषा ठरवण्यात इटलीच्या पिनिनफरिनाचा हात होता, म्हणून ती आजही सिग्नलला उभी राहिली की लोक मान वळवून बघतात. १९८० पर्यंत पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. १७९८ सीसीचं इंजिन, पुढे दोन सीट आणि मागे एक बाक, ज्यावर फक्त लॅपटॉपची बॅग सुखाने बसू शकते.

दोन वर्षांपूर्वी ही म्हातारी कण्हायला लागली. ब्रेक दाबला की पुढून ‘टक्’. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी आपल्या मनाने थोडी डावीकडे. पुढच्या टायरची एकच कड झिजलेली. शेवटी एका रविवारी गाडी स्टँडवर चढवली, खाली घुसलो आणि चाकाच्या खालच्या आर्मला पहार लावून हलवून बघितलं. पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा हलला! पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याने चहाचा कप खाली न ठेवता दोन शब्दांत निदान केलं असतं. ‘बुश गेलाय!’

तुम्ही म्हणाल, तिकडे दरवर्षी गाडीची तपासणी होत असेल ना? होते. पण चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात फार बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून ही ‘एमओटी’ तपासणी सक्तीची राहिली नाही. गाडी रस्त्यावर आणण्याच्या लायकीची आहे की नाही, हे बघायची जबाबदारी मालकाची. म्हणजे पेपर तुम्हीच काढायचा, तुम्हीच सोडवायचा, तुम्हीच तपासायचा. आणि नापास झालात तर थेट झाडावर!

आता हा बुश करतो काय? चाक खड्ड्यात जातं, वर येतं. ते ज्या आर्मला लावलेलं असतं तो आर्म गाडीच्या सांगाड्याला बिजागरीसारखा जोडलेला असतो. या बिजागरीत लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये जी उशी असते ती म्हणजे बुश. एमजीबीच्या पुढच्या दोन चाकांच्या खालच्या आर्म्सना मिळून असे चार सांधे असतात. मूळ रचनेत प्रत्येक सांध्यात रबराचे दोन अर्धे तुकडे, म्हणजे एकूण आठ. (वरचा आर्म म्हणून चक्क लिव्हरवाला डँपरच काम करतो. पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.) गाडी वळणावर कलू नये म्हणून पुढे जो अँटी-रोल बार असतो त्याचे बुश वेगळे. आणि मागे? मागे ट्रकसारखे पाटे! त्या पाट्यांच्या टोकांनाही बुश.

यातली गोम अशी की बुशला दोन उलटी कामं एकाच वेळी करायची असतात. चाकाला जागेवर धरून ठेवायचं आणि थोडं सोडायचंही. फार सोडलं तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, त्याचा कोन बदलतो आणि गाडी भरकटते. अजिबात सोडलं नाही तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा तुमच्या मणक्यात येऊन राहायला लागतो. (टीम लीड लोकांनी हा परिच्छेद दोनदा वाचायला हरकत नाही.)

आणि मग सुरू झाला निवडीचा घोळ. एका बाजूला जुनं काळं रबर. दुसऱ्या बाजूला निळ्याशार पॉलियुरेथेनचा चकाचक सेट, पुढचे-मागचे सगळे बुश एकाच खोक्यात. मी पस्तिशीतला पुरुष, हातात क्रेडिट कार्ड आणि महिनाअखेर अजून लांब. काय झालं असेल ते सांगायला नकोच!

पॉलियुरेथेनच्या बाजूनेही बोलायला हवं. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला हा पदार्थ आज तुमच्या ऑफिसच्या खुर्चीच्या फोमपासून बुटाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे आहे. बुशसाठी वापरतात तो त्यातला टणक प्रकार. कडकपणा मोजायच्या ‘शोर ए’ मापावर बुशचं रबर साधारण साठ-सत्तरच्या घरात असतं, पॉली ऐंशी ते पंचाण्णवच्या. रबराचे दोन जुने वैरी म्हणजे तेल आणि हवेतला ओझोन. पॉली दोघांनाही दाद देत नाही. वर्षानुवर्षं टिकतो. शिवाय त्याची काम करायची पद्धतच वेगळी. आर्म वर-खाली झाला की पॉलीचा बुश मधल्या नळीवर फिरतो, घसरतो. म्हणून त्याला बसवताना खास ग्रीस लागतं. ते सुकलं की तो गायला लागतो.

पहिले दोन दिवस मी हवेत होतो. स्टिअरिंग जरा वळवलं की नाक लगेच वळायचं. ब्रेक मारताना गाडी सुतात. बॉसने अप्रेझलला ‘एक्सलंट’ लिहावं तसं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी बायको शेजारी बसली.

इंग्लंडमध्ये खड्डे नसतात ही अफवा आहे. हिवाळा संपला की इथले छोटे रस्ते आपल्या श्रावणातल्या रस्त्यांशी गळाभेट घेऊ शकतात. पहिल्या खड्ड्याला बायकोने सीट पकडली. दुसऱ्याला माझा हात. तिसऱ्यानंतर ती शांतपणे म्हणाली, ‘ही गाडी आहे की पिठाची गिरणी?’ महिनाभरात पॉली गायलाही लागला. गतिरोधकावरून जाताना जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा उघडल्यासारखा आवाज यायचा. पुढच्या रविवारी आम्ही दोघं एकाच ठिकाणी जेवायला गेलो. मी गाडीने, ती बसने.

सगळ्यात मोठी चूक मी मागच्या बाजूला केली होती. वळणावर गाडीचं अंग कलतं, पण मागचा अखंड ॲक्सल रस्त्याला धरून राहायला बघतो. या दोघांमधला फरक कुठेतरी मुरवावा लागतो. पाटे थोडे पिळले जातात आणि त्या पिळाला जागा करून देतो तो टोकाचा मऊ रबरी बुश. तिथेच मी कडक पॉली ठोकून बसलो होतो. म्हणजे घरातल्या एकमेव समजूतदार माणसाला काढून तिथे अजून एक हट्टी आणून बसवला!

रेसवाले याच्याही पुढे जातात. नायलॉनचे बुश लावतात, काहीजण तर नुसते लोखंडी गोळ्यांचे सांधे. त्यांचं बरोबर आहे. त्यांचा ट्रॅक गुळगुळीत असतो, ड्रायव्हर थोड्या वेळात उतरतो आणि रेस झाली की प्रत्येक सांधा तपासला जातो. मी डबा घेऊन ऑफिसला चाललेलो असतो. माझ्या वाटेत चिखल आहे, मीठ मारलेले हिवाळी रस्ते आहेत आणि एक माणूस आहे ज्याला संध्याकाळी मान दुखायला नको आहे.

फंडा साधा होता, पण कळायला सहा महिने लागले. बुश घेताना ‘गाडी किती जोरात वळू शकते’ हा प्रश्नच नाही. ‘मी तिला कुठल्या रस्त्यावर, कोणाला शेजारी बसवून, किती वेळ चालवणार आहे’ हा प्रश्न आहे. जिम लावताना, घर घेताना, नोकरी बदलताना आपण हीच चूक करतो का? असो.

मग मी बाजारातला मधला रस्ता शोधला. १९७३ ते १९७६ या काळात एमजीने याच जीटीत ३५२८ सीसीचं व्ही-एट इंजिन टाकून अडीच हजारांहून थोड्या जास्त गाड्या बनवल्या होत्या. त्या गाडीच्या खालच्या आर्मचे बुश दोन तुकड्यांचे नव्हते, एकसंध होते. मध्ये पोलादी नळी, तिला घट्ट जोडलेलं रबर आणि हे सगळं आर्मच्या डोळ्यात दाबून बसवलेलं. हेच बुश साध्या एमजीबीलाही बसतात. आठ अर्ध्या तुकड्यांच्या जागी चार अखंड बुश. मूळच्या रबरापेक्षा चाकाला जास्त घट्ट धरतात आणि पॉलीपेक्षा कितीतरी शांत. जुन्या एमजीवाल्यांमध्ये हा उपाय इतका रुळलाय की दुकानात नुसतं ‘व्ही-एट बुश’ म्हटलं तरी पुरतं.

मागच्या पाट्यांना पुन्हा रबर लावलं. अँटी-रोल बारला मात्र पॉलीच ठेवला. कारण दोन्ही चाकं एकसारखी वर-खाली होतात तेव्हा हा बार नुसता जागच्या जागी फिरतो, त्याच्यावर फारसा ताण येत नाही. तो कामाला लागतो ते वळणावर, किंवा एकच चाक खड्ड्यात गेलं तर. त्यामुळे तिथल्या कडकपणाचा फायदा जास्त आणि त्रास कमी. जिथे धरायचं तिथे धरलं, जिथे सोडायचं तिथे सोडलं. एकदम सॉलिड! बायको पुन्हा शेजारी बसायला लागली.

पण आठ महिन्यांत... टक्!

आधी विश्वासच बसेना. पुन्हा गाडीखाली. चारपैकी तीन बुशचं रबर नळीपासून फाटलेलं. हल्ली नव्याने बनवलेल्या स्वस्त रबरी पार्ट्सबद्दल जुन्या गाड्यांवाल्यांची ओरड असतेच. मीही त्या दुकानदाराच्या नावाने चार शिव्या हासडल्या आणि मोकळा झालो. नवा सेट मागवला. किंमत म्हणाल तर आम्हा दोघांच्या एका हॉटेलच्या बिलाहून कमी. बुश स्वस्तच असतो हो, बुशपर्यंत पोचणं महाग पडतं. स्प्रिंग दाबून धरा, आर्म सोडवा, पन्नास वर्षांचा गंज खरवडा... एक अख्खा शनिवार गेलाच म्हणून समजा.

त्या शनिवारी घरात बाबा होते.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते, तीन महिन्यांसाठी. पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस. आमचं फोनवरचं बोलणं आयुष्यभर तीन वाक्यांचं. ‘जेवलास का?’ ‘तब्येत बरी ना?’ आणि ‘आईला देतो.’ गेल्या वर्षापासून तिसरं वाक्य गेलं होतं आणि त्याच्या जागी काय बोलायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

बोलणं नव्हतं, पण प्लॅनिंग जोरात होतं. मी आणि ताईने व्हिडिओ कॉलवर सगळं ठरवलं होतं. चिंचवडचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाबांचे गुडघे कुरकुरतात. तेव्हा फ्लॅट विकायचा आणि तळेगावजवळ ज्येष्ठांसाठी एक सोसायटी झालीय तिथे बाबांनी राहायला जायचं. डॉक्टर हाकेच्या अंतरावर, जेवण तयार, बाग, वाचनालय. मी एक्सेल शीट केली होती. ताईने गिऱ्हाईकही बघितलं होतं, टोकन घ्यायची तारीख ठरली होती. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बघा तुम्ही.’ आम्ही ते ‘हो’ म्हणून लिहून घेतलं.

तर त्या शनिवारी बाबा चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहिले. बराच वेळ नुसते बघत होते. गाडी पुढून स्टँडवर, चाकं काढलेली, दोन्ही आर्म खाली लोंबकळलेले. मग खाली वाकून त्यांनी फाटलेला एक बुश उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्याजवळ नेऊन फिरवून फिरवून बघितला. मग दुसरा. मग तिसरा.

‘सगळे एकाच दिशेने फाटलेत,’ ते म्हणाले.

‘रबर खराब होतं बाबा. डुप्लिकेट येतं हल्ली.’

‘रबर खराब असतं तर कसंही फाटलं असतं. नट आवळलास तेव्हा गाडी कुठे होती?’

‘कुठे म्हणजे? अशीच. स्टँडवर.’

‘म्हणजे अधांतरी.’

कप त्यांनी टूलबॉक्सवर ठेवला. हात पुसायचा टॉवेल उचलला, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून अर्धा पीळ दिला. ‘आता समज, ही तुझी गाडी नुसती उभी आहे. हलली नाही, काही नाही. आणि आता खड्डा आला.’ त्यांनी अजून अर्धा पीळ दिला. माझं मनगट वळलं. ‘आता सांग, पहिला पीळ कोणी दिला? खड्ड्याने की तू?’

झटकन डोक्यात प्रकाश पडला. पॉलीचा बुश नळीवर फिरतो, त्यामुळे तो कुठेही आवळा, त्याला फरक पडत नाही. जोडलेलं रबर फिरत नाही, ते पिळतं. मधली नळी नटाने घट्ट पकडली जाते, आर्म हलतो आणि मधलं रबर त्या हालचालीएवढं पिळून परत येतं. म्हणून त्याची ‘शून्य’ जागा ठरते ती नट आवळण्याच्या क्षणी. मी नट आवळला होता आर्म लोंबकळत असताना. गाडी खाली उतरवली, आर्म वर आला आणि बिचारं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेतच उभं! वर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. गाडीचं नाक हल्ली जरा वर राहतंय असं मला वाटत होतं, त्याचं कारणही हेच. पिळलेलं रबर तिला खाली बसू देत नव्हतं. म्हणजे बुश चांगला होता, निवडही बरोबर होती. चुकली होती ती आवळायची वेळ.

‘पद्मिनीचं काम करून घेताना मी त्या गॅरेजवाल्याच्या डोक्यावर उभा राहायचो,’ बाबा म्हणाले. ‘वजन आल्याशिवाय आवळायचं नसतं रे.’ आमच्याकडची जुनी सेकंडहँड पद्मिनी मला फक्त तिच्या वासासाठी आठवते. तिलाही पुढे असेच आर्म आणि मागे पाटे होते, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारभर आम्ही दोघांनी नवे बुश बसवले. साबणाचं पाणी लावून, शिकंज्यात दाबून. नट नुसते हाताने लावले. चाकं चढवली आणि जॅकवरून उतरवून पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर टेकवली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. मग बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दोघांनी मिळून पुढून गाडी चार-पाच वेळा दाबली, म्हणजे ती आपल्या नेहमीच्या उंचीवर बसली. मी पाना घेऊन खाली घुसणार इतक्यात बाबांनी विचारलं, ‘तू एकटाच चालवतोस की शेजारी कोणी बसतं?’

‘ती बसते ना बहुतेक वेळा.’

‘मग थांब.’ आणि दार उघडून ते पॅसेंजर सीटवर जाऊन बसले. ‘हं, आता आवळ.’

मी खाली, बाबा वर. पहिला नट आवळला, स्प्लिट पिन घातली. या कॅसल नटांची एक गंमत असते. पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे न्यायचा, मागे कधीच नाही. दुसरा झाला. तिसऱ्यावर होतो तेव्हा खिडकीतून बाबांचा आवाज आला. चेहरा दिसत नव्हता. मला त्यांचा नाही, त्यांना माझा नाही.

‘ते तळेगावचं... तिथे आधी महिनाभर राहून बघता येतं का?’

‘म्हणजे? तुम्ही तर हो म्हणाला होतात.’

‘मी बघा म्हणालो होतो.’

तिसऱ्या नटाची पिन माझ्या हातातून पडली. ती शोधायला जरा जास्तच वेळ लागला.

सात हजार किलोमीटरवरून मी एक्सेल शीटमध्ये नट आवळत होतो. त्या जिन्यावर शेवटचा कधी चढलो होतो ते आठवत नव्हतं. चिंचवडच्या त्या स्वयंपाकघरात आईचं काय काय आहे आणि त्यातलं बाबा रोज काय वापरतात, हे शीटमध्ये कुठल्याच कॉलममध्ये नव्हतं. संध्याकाळी ताईला फोन केला. ती आधी चिडली. गिऱ्हाईक चांगलं होतं, पुन्हा तेवढा भाव येईल याची खात्री नाही, आणि गुडघ्यांचं काय? तिचंही खोटं नव्हतं. पण टोकन थांबवलं.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन ॲबिंग्डनला गेलो. जिथे ही गाडी बनली तो कारखाना १९८० च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला. हे सांगितल्यावर बाबा एवढंच म्हणाले, ‘आणि पार्ट्स अजून मिळतात!’ वाटेत एक खड्डा मला चुकवता आला नाही. मी दात आवळून वाट बघितली. एक मऊसर ‘धप्’, आणि गाडी पुढे. बाबा खिडकीबाहेर बघत होते, पण मला खात्री आहे की त्यांनीही कान देऊन ऐकलं.

जाता जाता, तुमच्या कामाचं. हे सगळं जुन्या एमजीवाल्यांचे चोचले आहेत असं समजू नका. तुमच्या हॅचबॅकच्या लोअर आर्ममध्येही बहुधा असाच जोडलेल्या रबराचा बुश असतो. ब्रेकला टक्-टक्, स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा, टायरची एकच कड झिजणं, यातलं काही दिसलं तर बुश तपासून घ्या. काम काढलंत तर मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा, ‘दादा, शेवटचं टाइट गाडी खाली घेऊनच करणार ना?’ तो चमकून तुमच्याकडे बघेल आणि मग नीट काम करेल. काम झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. आणि रबराच्या बुशचा आवाज येतो म्हणून कोणी त्यावर ऑइल किंवा साधं ग्रीस सोडत असेल तर त्याचा हात धरा. त्याने रबर फुगतं आणि लवकर मरतं.

माझ्या म्हातारीचं म्हणाल तर वर्ष होत आलं, टक् नाही.

आणि बाबा? महिनाभरासाठी म्हणून तळेगावला गेलेत, फ्लॅटची किल्ली खिशात घेऊन. गेल्या रविवारी फोन आला. ‘जेवण अळणी असतं,’ म्हणाले. ‘सकाळी फिरायला दोघंजण मिळालेत. त्यातला एक टेल्कोचा आहे, फार बोलतो. गुडघा बरा आहे.’

‘मग? काय ठरवताय?’

‘अजून नाही. बसू दे जरा.’

मग दोघंही थोडा वेळ गप्प होतो. फोन मात्र कोणीच ठेवला नाही.